ताकदीच्या गोळ्या, घरपोच

डीएपीच्या पोत्यावर १८:४६ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यात कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तो सांगेल, शंभर किलोत अठरा किलो नत्र आणि शेहेचाळीस किलो स्फुरद. झिंक सल्फेट घ्यायला गेला तर तो पिशवी उलटी करून २१ टक्के लिहिलंय का ते बघतो, आणि चिलेटेड झिंकमध्ये १२ टक्केच असताना ते इतकं महाग का, यावर दुकानदाराशी हुज्जतही घालतो. हाच माणूस संध्याकाळी घरी बसून मोबाइलवर बायकोसाठी कॅल्शियमच्या गोळ्या मागवतो, तेव्हा डबीवर मोठ्या अक्षरात ‘१००० एमजी’ दिसलं की त्याचं समाधान होतं. हजार कशाचे, हे तो विचारत नाही.

आज बोलायचं आहे ते या हजारबद्दल. लोह, कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम अशा खनिजांच्या गोळ्या, पावडरी आणि बाटल्या घरबसल्या मागवण्याची सोय आता रिसोडला आहे, मानोऱ्याला आहे, शेलूबाजारलाही आहे. ती सोय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझं उभं आयुष्य वाशिममध्ये औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेलं, दुकान आता मुलगा बघतो. त्यामुळे हा गृहस्थ ऑनलाइनच्या विरोधात बोलणारच, असं कुणाला वाटलं तर ते स्वाभाविक आहे. पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला महिन्याच्या गोळ्यांसाठी एसटीनं तालुक्याला यावं लागत नसेल, तर चांगलंच आहे की.

फरक एवढाच आहे की, काउंटरवर गिऱ्हाईक आलं की आम्ही चार गोष्टी विचारायचो. गोळ्या कुणासाठी? पोटुशी आहे का? दुसरी कोणती औषधं चालू आहेत? रक्त तपासलं का? मोबाइल हे विचारत नाही. तो फक्त ‘ज्यांनी हे घेतलं त्यांनी हेही घेतलं’ एवढंच सांगतो. मग ते चार प्रश्न आपले आपणच स्वतःला विचारायचे.

पहिला प्रश्न, मुळात कमी काय आहे?

आपल्या भागातला रोजचा अनुभव सांगतो. ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळं पडतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला ते उचलता येत नाही, शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं होतं. तिथं फेरस सल्फेटची फवारणी उपयोगी पडते. पण पान पिवळ्या मोझॅकनंही पिवळं होतं. तो विषाणू असतो आणि पांढरी माशी त्याला पसरवते. त्यावर लोह फवारून पैसे वाया जातात आणि तेवढ्यात रोग शेजारच्या तासात जातो. रंग एकच, कारणं दोन.

माणसाच्या थकव्याचंही असंच आहे. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षं वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर तो ६८.९ टक्के आहे. म्हणजे ‘थकवा येतो, चक्कर येते, धाप लागते’ असं सांगणाऱ्या बाईचं रक्त कमी असण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे. पण रक्त कमी असलं म्हणजे लोहच कमी आहे, असं मात्र म्हणता येत नाही.

पहिली शक्यता अर्थातच लोहाची. त्यात तांबड्या पेशी आकारानं लहान होतात. दुसरी शक्यता बी-१२ जीवनसत्त्वाची. माळकरी घरांमध्ये आणि दूधदुभतंही जेमतेम असलेल्या शाकाहारी घरांमध्ये ही कमतरता बरीच दिसते. त्यात पेशी उलट मोठ्या होतात. साध्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘एमसीव्ही’ नावाचा एक आकडा असतो, त्यावरून डॉक्टरांना याचा अंदाज येतो. बी-१२ कमी असलेल्या माणसानं वर्षभर लोह खाल्लं तरी त्याचा थकवा हलत नाही.

तिसरी शक्यता विदर्भात राहणाऱ्यांनी विसरता कामा नये. ती म्हणजे सिकलसेल. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर फुटतात. हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण फुटलेल्या पेशींतलं लोह बरंचसं शरीरातच राहतं. ज्या रुग्णाला वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्याच्या शरीरात तर लोह साचत जातं आणि यकृताला, हृदयाला इजा करतं. अशा मुलाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून कुणी मामानं, काकानं प्रेमानं लोहाचं महागडं टॉनिक मागवून पाजलं, तर ते औषध होत नाही. सिकलसेलच्या रुग्णालाही कधीकधी लोहाची कमतरता असू शकते, पण ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची असते. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा वारंवार सांधे दुखतात, कावीळ होते, लहानपणापासून रक्त कमी आहे अशी तक्रार असेल, तर लोहाची डबी मागवण्याआधी ही तपासणी करून घ्या.

आणखी एक तपासणी असते, फेरिटिन. हिमोग्लोबिन म्हणजे सध्या चुलीवर काय शिजतंय ते, आणि फेरिटिन म्हणजे कणगीत किती धान्य शिल्लक आहे ते. ही तपासणी बहुतेक ठिकाणी खासगी प्रयोगशाळेत पैसे देऊन करावी लागते आणि अंगात ताप किंवा संसर्ग असताना तिचा आकडा फसवा येतो. सगळ्यांना तिची गरज नाही. पण सहा महिने लोह घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर पुढची डबी मागवण्यापेक्षा तेच पैसे या तपासणीला द्यावेत, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट, जे पैसे देऊन मागवतोय ते गावातच फुकट मिळतंय का?

वाशिम हा केंद्र सरकारनं २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपण, असे चार जिल्हे त्यात होते. आरोग्य आणि पोषण हा त्या कार्यक्रमाचा मोठा भाग. त्याच वर्षी ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमही आला. त्यातली लोहाची गोळी आशाताईंकडे, उपकेंद्रात, शाळेत मिळते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसच्या मुलामुलींना निळी, आणि त्यापुढच्या बायकांना लाल. गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह आहे. निळ्या आणि लाल गोळीत ६० मिलिग्रॅम. मुलांना ती आठवड्यातून एकदा असते. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. शिवाय गरोदरपणात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी दिवसातून दोन वेळा, तीही मोफत.

आता यावर काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य असं : ‘काका, सरकारी गोळीनं मळमळतं, अन् शी काळी होते. चांगली कंपनीची द्या.’ शी काळी होते हे खरं आहे, कारण आतड्यात न शोषलेलं लोह बाहेर पडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळही होते. पण ती उपाशीपोटी घेतल्यानं जास्त होते. रात्री जेवणानंतर तासाभरानं घेतली की बहुतेकींना सोसते. महागडी गोळी सौम्य वाटते, ती काही वेळा त्यातला क्षार वेगळा असतो म्हणून, आणि काही वेळा त्यात लोहच कमी असतं म्हणून. दुसरं कारण असेल तर आपण जास्त पैसे देऊन कमी लोह विकत घेतलेलं असतं. सरकारी गोळी खरोखरच सोसली नाही, तर डॉक्टरांना विचारून दुसरी घ्यावी, त्याला हरकत नाही. पण डब्यात न उघडलेल्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या, आणि वर मोबाइलवरून मागवलेली आठशे रुपयांची बाटली, हे चित्र मला चांगल्या शिकलेल्या घरांतही दिसलेलं आहे.

आता त्या आकड्याकडे येऊ.

गोळीत शुद्ध कॅल्शियम किंवा शुद्ध लोह सहसा नसतं. क्षार असतो. खताच्या पोत्यासारखंच, त्या क्षारात कामाचा घटक किती टक्के हे ठरलेलं आहे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, कॅल्शियम सायट्रेटमध्ये २१, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये फक्त ९. म्हणून १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीतून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. १००० मिलिग्रॅम सायट्रेटच्या गोळीतून मिळतं २१० मिलिग्रॅम. आणि ५०० मिलिग्रॅम ग्लुकोनेटच्या गोळीतून ४५. चार घोट दूध प्यायलं तरी तेवढं मिळतं. तिन्ही डब्यांवर मोठा आकडा छापलेला असतो, आणि तिन्ही कायदेशीर असू शकतात, कारण खाली बारीक अक्षरात खरं लिहिलेलं असतं.

ते बारीक अक्षर शोधायचं. लेबल इंग्रजीत असतं. त्यावर ‘एलिमेंटल’ हा शब्द कुठे आहे ते बघा. ‘इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल कॅल्शियम’ किंवा ‘एलिमेंटल आयर्न’ याच्यापुढे जो आकडा आहे तोच आपला, बाकीचं पोत्याचं वजन. लोहाचंही तसंच. फेरस फ्युमरेटमध्ये साधारण ३३ टक्के लोह असतं, फेरस ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. जस्ताच्या बाबतीत झिंक ग्लुकोनेटमध्ये १४ टक्के. घरात इंग्रजी वाचणारा नातू असेल तर त्याच्याकडून हा एक शब्द शोधून घ्यावा. ‘एलिमेंटल’ किती हे डबीच्या फोटोत कुठेही सापडत नसेल, तर मी ती डबी मागवत नाही.

दुसरी मेख ‘सर्व्हिंग’ची. डबीवर लिहिलेलं असतं की एका सर्व्हिंगमध्ये ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. आणि दुसऱ्या ओळीत असतं, एक सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या, कधी तीन. मग साठ गोळ्यांची डबी दोन महिने पुरेल असं वाटतं, ती वीस दिवसांत संपते. म्हणून किमतीची तुलना डबीला डबी लावून करू नये. समजा, एक डबी १५० रुपयांची, त्यात ३० गोळ्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. दुसरी ६०० रुपयांची, ६० गोळ्या, पण ५०० मिलिग्रॅमसाठी दोन घ्यायच्या. दोन्ही तीस दिवस चालतात. एकाची रोजची किंमत पाच रुपये, दुसरीची वीस. दुसरीत काही खास असेलही, पण ते खास काय, हे आता विचारायला हवं. रिठदकडचे एक गृहस्थ अशाच दोन डब्यांचे फोटो मोबाइलवर घेऊन दुकानात आले होते. ‘नाव एकच, मंग भाव असा काहून?’ हा त्यांचा प्रश्न. हिशेब मांडून दाखवल्यावर त्यांनी दोन्ही मागवल्या नाहीत. त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत.

कारण खरा हिशेब ताटापासून सुरू होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. बाईला २९ मिलिग्रॅम लोह, पुरुषाला १९. जस्त पुरुषाला १७ आणि बाईला १३.२ मिलिग्रॅम. एका मोठ्या पेल्याभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. चमचाभर तिळातही चांगलं शंभरच्या वर भरतं. दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा हे ज्या घरात नेमानं आहे, त्या घरात पाचशेची खोट असेल तर पाचशेचीच गोळी हवी. जाहिरातीतली हजाराची नको.

लोहाचं मात्र ताटात असूनही न मिळणं, हे त्या पिवळ्या सोयाबीनसारखंच आहे. भाकरी, डाळ, पालेभाज्या यांत लोह आहे, पण धान्याच्या कोंड्यातले काही पदार्थ त्याला अडवून ठेवतात, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याला आणखी बांधतो. लिंबू, आवळा, चिंच नव्हे तर पेरूसुद्धा, म्हणजे क जीवनसत्त्व असलेलं काहीही जेवणाबरोबर असलं की तेच लोह अधिक शोषलं जातं. आपल्याकडे शेतातून आल्यावर आधी चहा आणि मग जेवण, जेवणावर पुन्हा चहा, ही पद्धत आहे. चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, ते कुणी ऐकतही नाही. जेवण आणि चहा यांच्यात एक तास ठेवा, एवढं ऐकणारे भेटतात.

गोळ्यांच्या वेळाही याच कारणानं सांभाळायच्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, कॅल्शियम लोहाला अडवतं. दोन तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर तर नाहीच. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम दोन्ही तिच्यापासून चार तास दूर ठेवावं, नाहीतर थायरॉइडची गोळीच वाया जाते. मग तपासणीत आकडा बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि मूळ कारण त्या कॅल्शियमच्या डबीत असतं. ‘एकाच गोळीत सगळं’ अशा जाहिरातीच्या गोळ्या मला म्हणूनच फारशा पटत नाहीत. लोह आणि कॅल्शियम भरपूर, दोन्ही एकाच गोळीत, ही भावाभावांची एका बांधावरची शेती आहे.

आता ही डबी औषध आहे की अन्न? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण मोबाइलवर खरेदी करताना तो फार महत्त्वाचा आहे. तीच खनिजं दोन वेगळ्या कायद्यांखाली विकली जातात. औषध असेल तर त्यावर उत्पादनाच्या परवान्याचा क्रमांक असतो आणि ते औषध प्रशासनाच्या नियमांखाली येतं. ‘हेल्थ सप्लिमेंट’ असेल तर ते अन्न समजलं जातं. त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो, आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषधी वापरासाठी नाही, असंही लिहावं लागतं. या वस्तूंसाठीचे सुधारित नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. चौदा अंकी क्रमांक खरा आहे की नाही, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं. परवाना मिळाला म्हणजे त्या डबीनं आजार बरा होतो असं सरकारनं सांगितलं, असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलंय तिच्याच जाहिरातीत गुडघेदुखी जाईल, मधुमेह आटोक्यात येईल असं म्हटलेलं असेल, तर दोन्हींपैकी एक वाक्य खोटं आहे. असाध्य आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे.

भस्म, शिलाजित आणि ‘सत्तर खनिजं असलेले थेंब’ यांच्याबद्दल मला वारंवार विचारतात. वैद्याच्या देखरेखीखाली योग्य रीतीनं केलेलं औषध घेणं वेगळं, आणि कुणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून अनोळखी डबी मागवणं वेगळं. २००८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली होती. इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यांत भारतात बनवलेली होती आणि अमेरिकेत बनवलेलीही होती. सत्तर खनिजांच्या थेंबांबद्दल तर एवढंच विचारतो की, त्या सत्तरांत शिसंही मोजलंय का? शरीराला लागणारी खनिजं मोजून पंधरा-वीस आहेत.

इथे थोडं विषयांतर करतो. आपला भाग काळ्या दगडाचा, बेसाल्टचा. विहिरीचं, बोअरचं पाणी बरेचदा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. भांड्याला पांढरी पापुद्री बसते म्हणून आपण आरओचं यंत्र लावतो किंवा जारचं पाणी घेतो. त्या यंत्रात ही खनिजंही बरीचशी निघून जातात. मग त्याच यंत्राला खनिजं परत मिसळणारी नळी लावून मिळते, ती वेगळे पैसे देऊन. आणि त्यानंतर मॅग्नेशियमच्या गोळ्या. ज्यांच्या पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारटपणा जास्त आहे त्यांना आरओ लागतोच, ते पाणी तपासूनच ठरवावं. पण नुसत्या पापुद्रीला भिऊन हा सगळा खटाटोप करणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आता ज्यांनी या गोळ्या स्वतःहून मागवूच नयेत, त्यांच्याबद्दल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मॅग्नेशियम आणि पोटॅशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. निकामी होत चाललेलं मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. यात एक छुपी वस्तू आहे, ‘लो सोडियम’ मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरात पोटॅशियम वाढवतात, त्यांच्या जोडीला हे मीठ आलं तर म्हाताऱ्या माणसाला धोका होतो. मुलगा पुण्याला असतो, आई-वडिलांच्या रक्तदाबाच्या काळजीनं तो तिथूनच असं मीठ घरपोच पाठवतो. काळजी खरी असते, पण वडिलांची चालू औषधं त्याला ठाऊक नसतात.

मुतखडा झालेल्यांचा नेहमीचा प्रश्न, कॅल्शियम बंद करू का? दूध-ताक बंद करायची गरज सहसा नसते. गोळीचं वेगळं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ३६ हजारांहून जास्त वयस्क बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांना सुमारे सात वर्षं रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं. त्या गटात मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. ज्याला आधी खडा झालाय, त्यानं गोळीआधी डॉक्टरांशी बोलावं. जस्ताचंही अति नको. लहान मुलाच्या हगवणीत मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी देतात, वीस मिलिग्रॅमची, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दहाची. ते उत्तम औषध आहे. पण प्रतिकारशक्तीच्या नावानं मोठ्या माणसांनी पन्नास-पन्नास मिलिग्रॅम महिनोन्‌महिने घेतलं, तर शरीरातलं तांबं कमी होतं.

आणि ज्या घरात रांगणारं किंवा चालायला लागलेलं मूल आहे, त्या घरासाठी एक गोष्ट हळू आवाजात नव्हे, मोठ्यानं सांगायची. लोहाची गोळी लाल, चकचकीत, गोड आवरणाची असते. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साठ मिलिग्रॅम लोह पोटात गेलं, तर जिवावर बेतू शकतं. त्याच्या तिसऱ्या हिश्शापासूनच विषबाधेची लक्षणं सुरू होतात. दहा किलोच्या मुलाचा हिशेब करा. साठ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, म्हणजे एक पट्टी. आईच्या उशाशी असते तेवढीच. डबी वरच्या फळीवर, कुलपात ठेवा. मुलानं खाल्ल्याची शंका जरी आली तरी उलट्या होण्याची वाट न बघता पट्टी हातात घेऊन थेट जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. सुरुवातीच्या उलट्या थांबून मूल काही तास बरं वाटायला लागतं आणि मग एकदम खालावतं, म्हणून ‘आता खेळतंय’ यावर विसंबू नये.

मागवायचंच ठरलं, तर पार्सल आल्यावर काय बघायचं ते थोडक्यात. डबीचं सील शाबूत आहे का? छापील किंमत, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आहे का? मुदत किती उरलीय? ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ हातात पडताना त्याच्या मुदतीचा किमान ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ साली विक्रेत्यांना बजावलं होतं. लोखंड काही नासत नाही, पण गोळीचं आवरण आणि बरोबरची जीवनसत्त्वं नासतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात गाडीत तापून आलेल्या चिकट झालेल्या गोळ्या ठेवून घेऊ नयेत. डबी उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, बिल जपा.

फसवणूक झाली तर काय? कंपनी दिल्लीची, गोदाम भिवंडीचं, आपण मंगरूळपीरला, तर तक्रार करायची कुठे, म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात. २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांनुसार विकणाऱ्या संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. तिथं दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली. तक्रारदार जिथं राहतो, तिथल्याच जिल्हा आयोगात त्याला तक्रार दाखल करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर त्याला शुल्क नाही. म्हणजे आठशे रुपयांच्या बाटलीसाठी दिल्लीला जायचं नाही. बाटली, बिल आणि फोनमधलं ते चित्रण घेऊन वाशिमलाच यायचं.